शहाण्णव घरांची सोडत

आमच्या चाळीत तळमजल्यावर तीन नंबरच्या खोलीत ललिता तांबे राहायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर, एक्कावन्नमध्ये. काळाचौकीतली ती चाळ आता पाडली आणि आम्ही सगळे मागच्या चोवीस मजली इमारतीत राहायला आलो. त्या इमारतीतली घरं कोणाला कशी मिळाली, हा विषय निघाला की अजून आवाज चढतात. ललिताताईंबद्दल मी लिहितोय, कारण त्या वेळी मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो नाही.

त्यांचे वडील कोंडीराम सकपाळ मंडणगडाहून मुंबईत आले आणि गिरणीच्या सूत खात्यात लागले. चाळीच्या पहिल्या बारा खोल्या बौद्ध कुटुंबांच्या. त्यांतल्या तिसऱ्या खोलीत ललिताताईंचा जन्म. गणितात बी.एस्सी. झालेली ती चाळीतली पहिली मुलगी. तिचा निकाल लागला तेव्हा कोंडीरामांनी गिरणीतून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि कॉलेजच्या फलकासमोर तासभर उभे राहिले, असं माझी आई सांगायची.

साल त्र्याहत्तर. मुंबईच्या दक्षिण टोकाला, समुद्राजवळ, एका संशोधन संस्थेत त्यांना वैज्ञानिक सहायक म्हणून नोकरी लागली. हंगामी होती, दर वर्षी नवं पत्र यायचं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी गार खोली. प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचा, एका ओळीला एक कार्ड. ललिताताई ज्यांच्या हाताखाली होत्या, त्या डॉक्टर सुब्बारावांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. हजार नावं क्रमाने कमीत कमी वेळात कशी लावायची, यावर तेव्हा जगभर माणसं डोकं चालवत होती. सुब्बाराव उलटं विचारायचे. लावलेली नावं नीट विस्कटायची कशी? अशी की कोणाचं नाव कुठेही जाण्याची शक्यता अगदी सारखी राहील.

"हसू येतं ना ऐकून?" ललिताताई मला एकदा म्हणाल्या होत्या. "मलाही आलं होतं. विस्कटायला काय अक्कल लागते? मग सहा महिने तेच केलं तेव्हा कळलं. आपण विस्कटलंय असं वाटतं, पण आतमध्ये कुठेतरी कल राहून जातो. डोळ्यांना दिसत नाही. मोजावं लागतं."

त्या मोजायच्या. एक पद्धत घ्यायची, ती कार्डांवर उतरवायची, मशीनवर हजारो वेळा चालवायची आणि आलेल्या आकड्यांचे तक्ते करायचे. एकदा आठशे कार्डांचा ट्रे त्यांच्या हातून जिन्यात सांडला. रडू येत होतं, पण त्यांनी तिघांना बोलावलं, चार ढीग केले, प्रत्येकाने आपापला ढीग क्रमाने लावला आणि मग चारही ढिगांची वरची कार्डं ताडून, आधीच्या क्रमाचं आधी उचलत, एकच ढीग केला. पाऊण तासात काम झालं. सुब्बाराव लांबून बघत होते. ते म्हणाले, "मिस सकपाळ, हेच तर आपण मशीनला शिकवतोय." संस्थेतल्या दहा वर्षांतली ही आठवण त्या सगळ्यांत जास्त वेळा सांगत.

ब्याऐंशीला संप झाला. कोंडीराम घरी बसले ते कायमचेच. हंगामी पत्रावर घर चालवणं परवडेना, म्हणून ललिताताईंनी संस्था सोडली आणि फोर्टातल्या एका विमा कचेरीत कॉम्प्युटर विभागात कायमची नोकरी धरली. तिथे तीस वर्षं हप्त्याच्या नोटिसा छापणारे प्रोग्राम सांभाळले. सुब्बारावांचा अहवाल आधीच छापून झाला होता. त्याच्या शेवटी, आकडेमोडीतील साहाय्याबद्दल कु. ल. सकपाळ यांचे आभार, एवढी एक ओळ. पुढे टपाल खात्यातल्या तांब्यांशी लग्न झालं. म्हाताऱ्या वडिलांना एकटं टाकायचं नाही म्हणून तांबेच तीन नंबरमध्ये राहायला आले. मुलगी नम्रता झाली. ती आता दादरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तांबे जाऊन दहाएक वर्षं झाली.

चाळीमागच्या बंद गोदामाच्या जागेवर आमची इमारत उभी राहिली. चोवीस मजले, मजल्याला चार घरं, एकूण शहाण्णव. खोल्याही शहाण्णवच. कोणाला कुठलं घर, हे सोडतीनेच ठरणार होतं. म्हाताऱ्यांना खालचे मजले द्यावेत असं काहींचं म्हणणं होतं, पण प्रत्येक घरात एक तरी म्हातारं निघालं, म्हणून ते बारगळलं.

सोडत कॉम्प्युटरवर काढायची ठरली. आमचा सेक्रेटरी हितेंद्र परब, पंचेचाळिशीचा, चाळीतच वाढलेला. तो कमिटीत म्हणाला, "बाहेरच्या कंपनीला कशाला बोलवायचं? आपल्याकडे ललिताकाकी आहेत. आयुष्यभर हेच केलंय त्यांनी."

मागून एकजण हळूच म्हणाला, "त्यांनाच का? तळमजल्यावरच्यांना?" मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो. मला नीट ऐकू आलं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो.

ललिताताई तेव्हा बाहत्तर वर्षांच्या होत्या. नम्रताचा लॅपटॉप घेऊन, व्हिडिओ बघून त्यांनी नवी भाषा शिकून घेतली. तीन आठवडे त्या त्यातच होत्या. दुपारी मी पाणी भरायला खाली जायचो तेव्हा दारातून दिसायच्या, चष्मा कपाळावर, वहीत काहीतरी लिहिणाऱ्या. खूश होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "लवू, चाळीस वर्षांनी माझं खरं काम हातात आलंय बघ."

त्यांनी पद्धत बरोबर निवडली होती. शहाण्णव घरांची यादी, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत. पहिल्या खोलीसाठी सगळ्यांतून एक निवडायचं, ते ठरलं. दुसऱ्या खोलीसाठी उरलेल्यांतून एक, ते ठरलं. ठरलेल्याला पुन्हा हात लावायचा नाही. डब्यातून चिठ्ठी काढून बाजूला ठेवावी तसं. पण त्यांच्या काळी मशीन एकपासून मोजायचं आणि ही नवी भाषा शून्यापासून मोजते. त्यामुळे यादीच्या टोकाला येऊन प्रोग्राम अडकायचा. शनिवारी दुपारी त्या तेच सोडवत असताना हितेंद्र बिल्डरच्या माणसाला घेऊन दारात आला. "काकी, उद्याचं नक्की ना? हॉल बुक झालाय, प्रोजेक्टर आलाय." दोघं उभेच होते. ललिताताईंनी घाईत निवडीची हद्द बदलली. उरलेल्यांऐवजी दर वेळी सगळ्यांतून निवड. अडकणं थांबलं, यादी धडाधड पडद्यावर आली. "झालं," त्या म्हणाल्या. ते दोघं गेल्यावर पुन्हा तपासू असं त्यांच्या मनात होतं. मग नम्रता बाजारातून आली, पाहुणे आले, ते राहून गेलं.

रविवारी महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये सोडत निघाली. पडद्यावर एकेक खोली आणि तिच्यासमोर घर. ललिताताईंना तिसरा मजला आला, मैदानाच्या बाजूचा. मला सहावा. तळमजल्यावरच्या वैशाली जाधवला दुसरा आला. ती घरी शिवणकाम करते, डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ. ती तिथेच खुर्चीवर बसून रडली आणि सगळ्यांना बरं वाटलं. शांताकाकींना, म्हणजे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ऐंशी नंबरमध्ये राहणाऱ्या शांता घाडींना, तेविसावा. त्यांचे यजमान धोंडूकाका गिरणीतून छातीचा आजार घेऊन आलेले. चार पावलं चालले की दम लागतो, आणि लिफ्टमध्ये त्यांचा जीव घाबरतो.

शांताकाकी आणि ललिताताई एका वयाच्या, एका शाळेतल्या. सोडतीनंतर आठ दिवसांनी शांताकाकी तीन नंबरच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"ललिता, खरा सांग गो. तुझा मशीन आंधळा होता मा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेका दिसत नव्हता मा, कोण कुठल्या खोलीतला ता? आमच्या माळ्यावरच्या सगळ्यांक वरचीच घरां इली. लोक बोलतत."

"आंधळंच असतं ते, शांता," ललिताताई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास नाही?"

"इस्वास आसा म्हणान तर विचारतंय," शांताकाकी म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी नम्रता कामाला गेल्यावर ललिताताईंनी लॅपटॉप उघडला. शांताला दाखवायला एक तक्ता करावा, एवढाच विचार होता. संस्थेत करायच्या तसं त्यांनी केलं. तोच प्रोग्राम बारा हजार वेळा चालवला. वरच्या चार मजल्यांवर सोळा घरं. शहाण्णवात सोळा म्हणजे सहातलं एक. म्हणजे कुठल्याही खोलीला बारा हजारांत दोन हजारांच्या आसपास वेळा तिथलं घर यायला हवं. पाचपन्नास इकडेतिकडे.

ऐंशी नंबरच्या खोलीला आलं दोन हजार चारशे एकोणनव्वद वेळा. तीन नंबरच्या खोलीला, पंधराशे छप्पन्न.

त्यांना वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा चालवलं. आकडे शे-पन्नासाने हलले, कल तसाच. मग त्यांनी प्रोग्राम वरपासून वाचायला घेतला आणि शनिवारी बदललेल्या ओळीपाशी आल्या.

"ती ओळ मी तीनदा वाचली," त्यांनी मला नंतर सांगितलं. "ही चूक मला पाठ होती रे. सुब्बारावांकडे पहिल्या महिन्यात मी हीच चूक हाताने सोडवून दाखवली होती. दुसऱ्या कोणाची असती तर एका नजरेत धरली असती."

संध्याकाळी नम्रता आली तेव्हा चहासुद्धा टाकलेला नव्हता. ललिताताईंनी तिला सगळं सांगितलं. नम्रताने लॅपटॉप स्वतःकडे ओढून आकडे बघितले. मग म्हणाली, "कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस."

"नम्रता—"

"आई, ऐक माझं. तू चुकून केलंस हे मला माहीत आहे. पण बाहेर काय दिसेल? पहिल्या खोल्यांना खालची घरं. पहिल्या बारा खोल्या कोणाच्या आहेत? तू सांगशील प्रोग्रामचं गणित, आणि ते बघतील आपलं आडनाव. तुझ्यावर नाही येणार फक्त. जाधवांवर येईल, कांबळ्यांवर येईल. सगळ्या बारा घरांवर येईल."

नम्रता खोटं बोलत नव्हती.

दोन दिवसांनी त्या हितेंद्रकडे गेल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, "काकी, तुम्ही माझ्या आईच्या जागी. म्हणून सांगतो, हे इथेच सोडा. लोकांनी नव्या घरांसाठी पडदे बघायला सुरुवात केलीय. तिघांनी घरं आपसात बदलूनही घेतली. आता परत सोडत म्हणजे मारामाऱ्या होतील. आणि चूक काय, मशीन तर आपणहून निवडत होतं ना?"

"निवडत होतं. पण सगळ्यांना सारखं नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

हितेंद्रने हात जोडले. वैतागून नाही, खरंच विनवणी करत. ललिताताई परत आल्या. त्यांना वाटेत एक मार्ग सुचला होता. घरं आपसात बदलायला परवानगी होतीच. आपला तिसरा मजला शांताला द्यावा, तिचा तेविसावा आपण घ्यावा. धोंडूकाकांचा प्रश्न सुटेल, कोणाचं नाव निघणार नाही. नम्रतानेही मान हलवली. तिला तिसऱ्या मजल्याचा मोह नव्हता, तिला भांडण नको होतं.

शांताकाकींना हे सांगायला त्या वर गेल्या. धोंडूकाका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. शांताकाकींचा चेहरा आधी उजळला, मग त्यांनी विचारलं, "पण कशाक? तुझे गुडघे काय बरे आसत?"

ललिताताईंना खोटं बोलता येईना. त्यांनी सांगून टाकलं.

शांताकाकींनी हातातली कोळंबी सोलायची थांबवली. "म्हणजे मी विचारलंय तेव्हा तू माका काय सांगलंस? इस्वास नाय म्हणान रागावलंस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं."

"आणि आता माहीत झाला तर माका गप करूक इलंस."

"तसं नाही शांता. तुझं भलं—"

"माझा भला कर, बाकीचे खड्ड्यात? माझ्या बाजूक एक्याऐंशीत कोण ऱ्हवता ठावक आसा? तिचो म्हातारो पण असोच बसून आसा. तेका काय सांगू?" त्यांनी कोळंबीचं ताट बाजूला सारलं. "माका नको तुझो तिसरो माळो. सांगायचा तर सगळ्यांक सांग. नायतर कोणाकच नको. पण मग माझ्या दारात येव नको."

धोंडूकाका एवढंच म्हणाले, "बस ललिता. पाणी घे." त्या बसल्या नाहीत.

सभा मार्चच्या दुसऱ्या रविवारी झाली, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. ललिताताईंनी मागितली म्हणून हितेंद्रला लावावी लागली. त्यांनी पांढरी साडी नेसली होती आणि हातात वही होती. फळ्यावर त्यांनी अ, आ, इ अशी तीन अक्षरं लिहिली.

"तीन माणसं आणि तीन घरं धरा," त्या म्हणाल्या. "ती वाटायचे क्रम सहाच होतात. माझ्या प्रोग्रामने तीन वेळा निवड केली आणि दर वेळी तिघांतून केली. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीस वाटा झाल्या. सत्तावीस वाटा सहा क्रमांत सारख्या वाटता येत नाहीत. काही क्रमांना चार मिळतात, काहींना पाच. बरोबर केलं असतं तर पहिल्यांदा तीन, मग दोन, मग एक. सहा वाटा, सहा क्रम. मी ते बरोबर लिहिलं होतं आणि सोडतीच्या आदल्या दिवशी बिघडवलं. तपासलं नाही. चूक माझी आहे."

मग त्यांनी बारा हजारांचे आकडे वाचले. स्वतःच्या खोलीचा आकडा सगळ्यात आधी.

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग समजलं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचे चारपाचजण एकदम उठले. "म्हणजे तळमजल्याला खालची घरं," एकजण म्हणाला. "पहिल्या बारा खोल्या कोणाच्या ते सगळ्यांना माहितेय."

"हो," ललिताताई म्हणाल्या. "त्यातली एक माझी. बारापैकी सात जणांना पहिल्या आठ मजल्यांत घर आलंय. सरळ सोडतीत साधारण चार आले असते. ते चुकीमुळे झालं की योगायोगाने, हे मला सांगता येणार नाही. एका सोडतीवरून ते कळत नाही."

नम्रता उठून म्हणाली, "मुद्दाम केलं असतं तर आज इथे येऊन कोणी सांगितलं असतं का?"

"बस नम्रता," ललिताताई म्हणाल्या. "त्यांना विचारायचा हक्क आहे."

पुढचा दीड तास मला लिहवत नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय इथपासून ते तोंडावर येऊ नये अशा गोष्टींपर्यंत सगळं बोलून झालं. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती वैशाली. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि ललिताताईंना म्हणाली, "मावशी, तुला गरज काय होती गं? कोणी विचारत होतं का तुला? आयुष्यात पहिल्यांदा काही सरळ मिळालं होतं मला."

ललिताताईंनी तिच्याकडे बघितलं. मग वही मिटली.

फेरसोडतीसाठी हात वर करून मतं घेतली. बाजूने एकोणपन्नास, विरुद्ध एक्केचाळीस. मी विरुद्ध हात वर केला. माझ्याकडे सहावा मजला होता. बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं होतं. मी स्वतःला हेच सांगितलं आणि ते खरंही होतं, पण हात वर करताना मी ललिताताईंच्या दिशेला बघितलं नाही.

फेरसोडत कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाली. दोन स्टीलची पिंपं, एकात खोल्यांचे नंबर, एकात घरांचे. व्हिडिओ काढला. ललिताताईंनी कशालाच हात लावला नाही, मागच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांची चिठ्ठी नम्रताने काढली. एकोणिसावा. मला चौदावा. शांताकाकींना एकविसावा. सगळा गोंधळ होऊन त्या फक्त दोन मजले खाली आल्या. आणि वैशालीला सतरावा. तिने चिठ्ठी वाचली, घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि कुबडी घेऊन निघून गेली. तिला थांबवायला ललिताताई उठल्या आणि परत बसल्या. त्यांच्याकडे आता देण्यासारखं घरच उरलं नव्हतं.

त्यानंतर चाळीत त्यांच्याशी बोलणं कमी झालं. तिसऱ्या मजल्यावरचे संशयाने बघायचे. तळमजल्यावरचे म्हणायचे, आपल्याच माणसांना उघडं पाडलं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाच्या यादीत दर वर्षी त्यांचं नाव असायचं, त्या वर्षी कोणी विचारायलाच आलं नाही. त्या तरी गेल्या, मागे उभ्या राहून वंदना म्हणून परत आल्या.

याहून जास्त त्यांना दुसरंच काही खात होतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. गॅस बंद केला का हे त्या तीन तीनदा बघायच्या. दुकानातून परत आल्यावर सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजायच्या. नम्रता त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात स्मृतीच्या तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. ललिताताई न थांबता दोनपर्यंत आल्या. डॉक्टर हसून म्हणाले, आजी, माझ्यापेक्षा चांगलं डोकं आहे तुमचं.

"मला वाटलं होतं काहीतरी सापडेल," त्यांनी मला सांगितलं. "आजार म्हटला की कारण तरी मिळतं. हे तर मी पूर्ण शुद्धीत केलं."

आम्ही नव्या इमारतीत पंचवीसच्या जानेवारीत आलो. दोन लिफ्ट आहेत, एक बहुतेक वेळा बंद. धोंडूकाका आठवड्यातून एकदा खाली येतात, डोळे मिटून, शांताकाकींचा हात घट्ट धरून. शांताकाकी फेरसोडतीनंतर तीन महिने ललिताताईंशी बोलल्या नव्हत्या. मग एक दिवस धोंडूकाकांना ॲडमिट केलं तेव्हा ललिताताई काही न विचारता हॉस्पिटलात जाऊन बसल्या आणि चार दिवस बसल्या. आता रोज सकाळी अकराला ललिताताई दोन जिने चढून एकविसाव्यावर जातात आणि शांताकाकी बाजार करून येईपर्यंत धोंडूकाकांजवळ बसतात.

मी गेल्या दिवाळीनंतर एकोणिसाव्यावर गेलो. मुद्दाम गेलो. खिडकीतून शिवडीकडची खाडी दिसते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी विरुद्ध मत दिलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हात मोजत होते मी."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझ्या बायकोची कंबर काय मला ठाऊक नाही?" कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लवू, मी बरोबर केलं असं सगळे आता हळूहळू म्हणायला लागलेत. हितेंद्रसुद्धा परवा म्हणाला. मला ते ऐकवत नाही. वैशाली रोज सतराव्यावर चढते-उतरते तेव्हा लिफ्टचा आवाज ऐकते मी. सोडत सरळ झाली, पण तिला काय त्याचं?"

मी रिकामे कप उचलून आत नेऊन ठेवले.

ललिताताईंचे ब्लाऊज वीस वर्षं वैशालीच शिवायची. त्या सभेनंतर त्यांनी लालबागच्या एका शिंप्याकडे टाकायला सुरुवात केली होती. गेल्या महिन्यात त्या कापड घेऊन सतराव्यावर गेल्या, बेल वाजवली. वैशालीने दार उघडलं, कापडाकडे बघितलं आणि बाजूला झाली. टेपने मापं घेतली, वहीत लिहिली. ललिताताई निघाल्या तेव्हा ती म्हणाली, "मंगळवारी या."

लहानपणापासून ती त्यांना 'मावशी, ये' म्हणायची. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना ललिताताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मंगळवारी जाईन."